ब्रुहा या कुत्रीविषयी आणि उरलेल्या किरकोळ मालमत्तेविषयी

मी, एदेल्मिरा सारालेगी, कै. फ्लोरेन्सियो सारालेगी यांची मुलगी, अविवाहित, वय एकाहत्तर, पासो गार्सास येथील टेलिफोन केंद्रातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. खुब्याचे हाड नाही, पण मृत्युपत्र खुब्याने लिहायचे नसते. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. उलट मी हे लिहू नये असेच गावात बऱ्याच जणांना वाटते, आणि त्यांची नावे पुढे येतील.

नोटरी डॉन निकानोर माझ्यासमोर बसले आहेत. पहिले पान वाचून त्यांनी चष्मा काढला.

"दोन्या एदेल्मिरा, मृत्युपत्रात कुणाला काय, एवढंच लिहायचं असतं. का, ते लिहायचं नसतं."

"का ते मी लिहिलं नाही, तर गाव आपल्या मनानं लिहील. त्यापेक्षा माझं अक्षर बरं आहे."

अक्षर ननच्या शाळेतले आहे. त्याबद्दल डॉन निकानोर यांची तक्रार नाही.

कलम पहिले: घर

नदीकाठचे माझे राहते घर, अंगण आणि विहिरीसकट, मोंतेविदेओला राहणारी माझी भाची सेलिना हिला मिळावे. ती वर्षातून एकदा, माझ्या वाढदिवसाला फोन करते आणि दरवेळी तारीख चुकते, पण आमच्या रक्ताचे दुसरे कोणी उरलेले नाही. अट एकच. अंगणातले अंजिराचे झाड तोडू नये. त्याच्या मुळाशी माझ्या प्रत्येक कुत्र्याच्या पहिल्या पक्ष्याची हाडे पुरलेली आहेत. भिंतीकडच्या बाजूला एक जागा मी मोकळी ठेवली आहे. ती मोकळी का राहिली, ते तिसऱ्या कलमात येईल.

कलम दुसरे: साठवण आणि अंत्यविधी

बँकेतले जे काही उरेल तेही सेलिनाला, माझी पेटी आणि खड्डा यांचा खर्च वजा करून. पाद्रीबुवांनी माझ्यावर भाषण करू नये. छापील प्रार्थना वाचावी आणि थांबावे. शिकार क्लबच्या चषकावर ज्यांनी पवित्र पाणी शिंपडले, त्यांनी माझ्या पेटीवर शिंपडताना हात आखडता घेतला तरी चालेल.

कलम तिसरे: ब्रुहा

माझी तरुण कुत्री ब्रुहा, तपकिरी ठिपक्यांची, डाव्या कानाला चीर असलेली. कायद्याच्या भाषेत ही जंगम मालमत्ता आहे असे डॉन निकानोर सांगतात. जंगम तर ती आहेच. तिला एका जागी बसवायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

ब्रुहा म्हणजे चेटकीण. गावातली पोरे माझ्या फाटकावर हे नाव ओरडून पळतात. म्हटले, आता हाक मारलीत तर निदान कोणीतरी बाहेर येईल.

पक्षी आणणारे कुत्रे मी कसे तयार करते हे इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर माझे काय मोडले ते कळणार नाही. माझ्या वडिलांनी मला हे शिकवले. पहिल्या उन्हाळ्यात मी कुत्र्याला काहीच आणायला सांगत नाही. थांबायला सांगते. मग शाळेतला काळा लोकरी मोजा, आत तितराची पिसे भरून शिवलेला. तो गवतात फेकायचा. मी "आण" म्हणेपर्यंत कुत्र्याने हलायचे नाही. त्याने मोजा उचलला की मी पाठ फिरवते, चार पावले दूर जाऊन खाली बसते आणि मांडीवर हात उघडा ठेवते. जनावर आपणहून येते. हनुवटी तळहातावर टेकवते आणि तोंड उघडते. आपण पुढे व्हायचे नाही आणि ओढायचे तर मुळीच नाही. एकदा ओढलेत की तुम्ही त्याला शिकवलेत की तोंडातले धरून ठेवायचे असते. मग ते दात रोवते, आणि दात रोवलेला पक्षी मांजराच्या कामाचा.

सगळ्यात शेवटी कच्चे अंडे. शाळेत मदर एउफ्रासिया आम्हा मुलींना तळहातावर कच्चे अंडे ठेवून चॅपेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवायची, आमची चाल सुधारावी म्हणून. माझी चाल सुधारली नाही. पण ब्रुहाने अंगणाच्या टोकापासून अंडे उचलून आणून माझ्या हातात ठेवले तेव्हा ते नुसते ओले होते. मदरने तिला पहिला नंबर दिला असता.

उरला होता पहिला पक्षी. आमच्याकडे रीत अशी आहे की तरुण कुत्र्याचा पहिला पक्षी, ज्याने त्याला वाढवले त्याने उघड्या हातात घ्यायचा. त्याचे एक पीस उपटून कुत्र्याच्या गळपट्ट्यात खोचायचे. पक्षी त्याच घरी शिजतो, त्याच घरी संपतो आणि हाडे त्याच अंगणात पुरली जातात. पहिला पक्षी ज्याच्या हाती, जनावर त्याचे. यावर कोणी कागद मागत नाही. आमच्या नदीकाठी लग्ने याहून कमी पुराव्यावर झालेली आहेत.

आता इसाउरो लारियागा. लोकरीचा व्यापारी, क्लबचा सभासद, माझा शिकारीतला जोडीदार. तरुणपणापासून दर हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून ही कुरणे तुडवली. माझ्या आधीच्या प्रत्येक कुत्र्याच्या पहिल्या पक्ष्याला तो माझ्या टेबलावर पाहुणा होता. पीस खोचताना त्याने पाहिले आहे. हाडे पुरताना कंदील त्याने धरला आहे. रीत माहीत नव्हती असे दुसरा कोणीही म्हणू शकतो, तो नाही.

लोक विचारायचे, तुम्ही दोघांनी लग्न का केले नाही. त्यांच्या माहितीसाठी: मी टेलिफोन केंद्रात जोडण्यांच्या बोर्डावर बसले होते, आणि माझ्या कानात इसाउरोचा आवाज आला. "एदेल, तू आहेस का गं? जरा सेर्रो चातोचं लावून दे ना." मी लावून दिले. त्या दिवशी तारेवर एवढीशीही खरखर नव्हती. त्याने ओंदिनाच्या वडिलांकडे ओंदिनाला मागणी घातली, आणि मी शेवटपर्यंत जोडणी तुटू दिली नाही. आमच्या धंद्यात जोडणी तोडणे हा गुन्हा असतो. पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा बंदूक घेऊन फाटकात आला. मीही बंदूक घेऊन निघाले. तो फोन मी त्याला केव्हाच माफ केला होता. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे खालचा हिशेब त्या जुन्या रागाचा आहे असे कोणी म्हणू नये.

यंदा शरद ऋतूत, आमच्याकडच्या एप्रिलात, दव पहिल्यांदा गोठले त्या सकाळी, मी विहिरीच्या कट्ट्यावरून घसरले. मला शहरातल्या इस्पितळात न्यायला गाडी आली तेव्हा इसाउरो तिथेच होता.

"ब्रुहा?" मी विचारले.

"अगं, स्वतःचं बघ आधी. मी आहे ना."

"खायला घाल, दोरीला बांधून फिरव. बाकी काही नाही. कुणाला मोजा फेकू द्यायचा नाही. बंदूक नाही. क्लब नाही."

"एदेल, मी काय आजचा आहे?"

"शपथ घे."

"कुत्रीसाठी?"

"माझ्यासाठी घेतली नसतीस, म्हणून म्हणते."

तो हसला आणि त्याने आपल्या आईची शपथ घेतली. त्याच्या आईला मी ओळखत होते. ती बिचारी थडग्यात वळली असेल.

इस्पितळात इसाउरोची बायको ओंदिना मला भेटायला येत असे. ती शिवणकाम करते, कुत्र्यांना भिते, आणि तिला बंदुकीची कोणती बाजू कोणाकडे ठेवायची हे अजून कळत नाही. तितराचा मोसम सुरू झाल्यावर एका दुपारी तिने पिशवीतून काचेची बरणी काढली. व्हिनेगर, कांदा, गाजर आणि तमालपत्रात मुरवलेला तितर. इस्पितळाच्या सपक सुपानंतर तो वास म्हणजे स्वर्ग होता. मी पावावर घेऊन खाल्ला. दुसरा घास घेतला.

"छान मुरलाय," मी म्हटले. "कुणाची शिकार?"

"अगंबाई, इसाउरोनं तुम्हाला सांगितलंच नाही?" तिचा चेहरा उजळला. "तुमच्या ब्रुहाची! पहिलाच पक्षी! क्लबच्या स्पर्धेत. चषक मिळालाय दोन्या एदेल्मिरा, एवढा मोठा. इसाउरो म्हणाला, यातला वाटा एदेलला पोचलाच पाहिजे."

घास माझ्या तोंडात होता. ननच्या शाळेत आम्हाला शिकवले होते की तोंडात घेतलेले बाहेर काढायचे नाही. मी गिळला.

"सांग, कसं झालं," मी म्हटले.

आणि ती सांगत गेली. आपण काय सांगतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते. पक्षी मेलेला नव्हता. पंख मोडून गवतातून पळत होता. असा पक्षी तोंडात फडफडतो, नखांनी ओरबाडतो, आणि कुत्रे चावायला शिकते, म्हणून पहिल्या मोसमात कोणी शहाणा माणूस कुत्र्याला त्याच्या मागे सोडत नाही. ब्रुहाला सोडले. तिने तरीही तो न चावता उचलला.

"आणि मग ती मधेच उभी राहिली हो," ओंदिना म्हणाली. "पक्षी तोंडात, आणि इकडे बघते, तिकडे बघते. जणू कुणाला तरी शोधतेय. सगळे इतके हसले! शेवटी इसाउरो पुढे झाला आणि..."

"आणि?"

"ओढून घेतला. ती सोडेना ना. मग टोपीनं नाकावर एक दिली." ओंदिनाचा आवाज हळू झाला. माझ्याकडे बघून तिने बरणीचे झाकण लावले. "मी काही वेडंवाकडं बोलले का?"

"तू नाही," मी म्हटले.

मी काठी टेकत घरी आले तेव्हा इसाउरो माझ्या आधीच स्वयंपाकघरात होता. माते या आमच्या कडू चहाचे भांडे भरून ठेवलेले, माझी खुर्ची ओढून ठेवलेली. चषक आणायची हिंमत त्याने केली नव्हती.

"रागावलीस," तो म्हणाला.

"पहिला पक्षी तू घेतलास."

"एक रविवार होता, एदेल. सगळे म्हणाले, घेऊन ये, बघू तरी. कुत्री तयार होती."

"कुत्री तयार नव्हती. तू तयार होतास."

"नाव तर तुझंही झालं असतं."

"चषकावर कुणाचं नाव आहे?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "जन्मभर लोक म्हणत आले, इसाउरो चांगला आहे, पण कुत्री एदेल्मिराची. एकदा, फक्त एकदा वाटलं..." त्याने वाक्य पुरे केले नाही. पुरी न केलेली वाक्ये ही त्याची जुनी सवय आहे. मी बोर्डावर असताना त्याची बरीच ऐकली.

"आणि वर मलाच खायला पाठवलास," मी म्हटले.

"वाटा म्हणून पाठवला! प्रेमानं!"

हे त्याने खरोखर मनापासून म्हटले. मला त्याचे तेच सहन होत नाही. चोराने चोरले तर दार लावता येते. याने माझे चोरले, शिजवले, वर प्रेमाने माझ्याच घशात घातले, आणि आता मी आभार का मानत नाही म्हणून तोंड पाडून बसला होता.

मी अंगणात जाऊन मोजा फेकला. ब्रुहा थांबली. मी "आण" म्हटल्यावरच गेली. उचलून आणला. मी खाली बसू शकत नाही म्हणून खुर्चीवर बसले, हात मांडीवर उघडा. ती माझा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबली, मोजा जमिनीवर ठेवला आणि मागे सरली. मान खाली घालून माझ्या हाताकडे बघत राहिली. टोपी कुठून येते ते बघत होती.

त्यानंतर तिने कोणाच्याही हातात काहीही दिलेले नाही.

मी क्लबकडे गेले. अध्यक्षांनी भाजत्या मांसावरची नजर न काढता निवाडा दिला: रीत ती रीत, पहिला पक्षी इसाउरोच्या हाती. तरी एदेल्मिराच्या वयाकडे बघता तिच्या हयातीत कुत्री तिच्याकडे राहावी, आणि तिच्या माघारी इसाउरोकडे जावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. इसाउरोनेही. नको म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता.

मृत्युपत्र लिहायला मी बसले ती यासाठी. घर काय, कोणालाही गेले असते.

तर, ब्रुहा इसाउरोला मिळू नये. क्लबला मिळू नये. रीतीचे म्हणाल तर, पहिला पक्षी ब्रुहाने कोणाच्याही हाती दिलेला नाही. तो तिच्याकडून हिसकावला गेला. हिसकावलेले म्हणजे हाती आलेले नव्हे, हे मी इथे लिहून ठेवते आणि डॉन निकानोर यांना ठळक शाईने अधोरेखित करायला सांगते.

ब्रुहा ओंदिना लारियागा हिला मिळावी.

डॉन निकानोर यांनी इथे पुन्हा चष्मा काढला. "नवऱ्याला नाही, आणि बायकोला?"

"हो."

"म्हणजे कुत्री जाणार त्याच घरात."

"त्याच्या छपराखाली. त्याची म्हणून नाही."

"आणि ओंदिनाबाई कुत्र्यांना भितात."

"म्हणूनच ती झडप घालणार नाही."

कारण सांगते. मी घरी आल्यापासून ओंदिना रोज सकाळी येते. भांडी घासते, मला मोजे चढवते, आणि मग खिडकीशी ठेंगण्या स्टुलावर बसून शिवते. इस्पितळातल्या त्या दुपारबद्दल आम्ही बोललेलो नाही. एका सकाळी ब्रुहाने आपणहून मोजा उचलला आणि तिच्यापासून लांब, दारापाशी ठेवला. ओंदिना भीतीने हललीच नाही. सुईत दोरा ओवत राहिली. दुसऱ्या दिवशी मोजा टेबलाच्या पायापाशी होता. पुढच्या आठवड्यात स्टुलाच्या जवळ. मी ओंदिनाला काही सांगितलेले नाही. सांगितले तर ती हात पुढे करील, मला खूश करायला. काल मोजा तिच्या चपलेला टेकला होता.

कलम चौथे: बंदूक आणि सामान

वडिलांची दुनळी, शिंगाची शिटी, दोर आणि तो मोजा, हे सगळे ओंदिनाला. ब्रुहाने हिवाळ्यात कुरणात गेलेच पाहिजे. पक्षी आणणारे कुत्रे दाराशी बांधून ठेवणे म्हणजे ननच्या शाळेतली सुट्टी, बाहेर ऊन आणि आपण जपमाळ ओढतोय. बंदूक ओंदिना चालवणार नाही, म्हणून ती इसाउरोने चालवावी. पण ती त्याने ओंदिनाकडे मागावी, दरवेळी, आणि द्यायची की नाही हे तिने ठरवावे. पक्षी पडला की त्याने जागच्या जागी उभे राहावे. पक्षी ओंदिनाकडे येईल.

कलम पाचवे: इसाउरो लारियागा यास

ओंदिनाने इस्पितळात आणलेली काचेची बरणी, झाकणासकट. मी स्वतः धुऊन पुसून ठेवली आहे. ती रिकामी आहे.

कलम सहावे: शिकार क्लब

बैठकीच्या खोलीतला माझ्या वडिलांचा फोटो उतरवून सेलिनाकडे द्यावा. त्या भिंतीवर चषकाला जागा होईल.

कलम सातवे: ओंदिनाला सूचना

ओंदिना, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा रडू नकोस, नीट ऐक. जखमी पक्षी पहिल्यांदा तिला देऊ नकोस. मेलेला, थंड झालेला, पिसे नीट बसवलेला दे. "आण" एकदाच म्हण. ती तो आणील आणि हाताच्या अलीकडे ठेवील. तेव्हा पुढे होऊ नकोस. तुझा नवरा शेजारून म्हणेल, "घे गं, समोर तर ठेवलाय." घेऊ नकोस. तुझे शिवण काढ, सुईत दोरा ओव. तो पक्षी तिथेच राहिला, मुंग्या लागल्या, तरी चालेल. दुसरा मिळतो. ज्या दिवशी ती तो तुझ्या हातात ठेवील, त्या दिवशी एक पीस तिच्या गळपट्ट्यात खोच, पक्षी तुझ्या चुलीवर शिजव, आणि हाडे माझ्या अंजिराखाली, भिंतीकडच्या मोकळ्या जागेत पुर. सेलिनाने फाटक उघडून द्यावे. इसाउरोला जेवायला बसव, पाहुणा म्हणून. त्याला ती खुर्ची सवयीची आहे.

हा माणूस माझ्या दाराशी जन्मभर हाताच्या अलीकडे थांबला. जिथे खरोखर थांबायचे होते, तिथे मात्र पुढे झाला. तुला हे कळावे एवढ्यासाठी लिहिले. तुझ्यावर माझा राग नाही, कधी नव्हता.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी काही बोलले असेन तर ते रागात बोलले, आणि हे रागातही विचार करून लिहिले आहे. याची अंमलबजावणी डॉन निकानोर यांनी करावी. सर्व पाने मी स्वतः वाचली. एकाही शब्दाबद्दल मला पश्चात्ताप नाही.

सहीपूर्वी जोडलेली ओळ, माझ्याच हाताने: साक्षीदार पेन शोधत असताना ओंदिना शिवण घेऊन आत आली आणि स्टुलावर बसली. ब्रुहाने मोजा आणून तिच्या मांडीवर ठेवला. ओंदिनाने हात हलवला नाही. त्याच वेळी फाटकातून शीळ आली, इसाउरोची, जी तो बंदूक घेऊन आल्यावर घालायचा. ब्रुहाने कान उचलले. मीही. दोघीही जागच्या हललो नाही.

सही: एदेल्मिरा सारालेगी

साक्षीदार पहिला: रुबेन कास्को, टेलिफोन केंद्र, माझ्यानंतरचा कर्मचारी. (जोडण्या तोडतो, पण सही वाचता येते.)

साक्षीदार दुसरी: आदेला मास्त्रान्हेलो, बेकरीवाली. ओंदिनाला यातले काही सांगणार नाही असे तिने कबूल केले आहे, आणि तिला शपथ घ्यायला लावलेली नाही.

माझ्यासमक्ष: निकानोर एचेवेरी, नोटरी

स्थळ: पासो गार्सास, ओलिमार नदीकाठ, उरुग्वाय
दिनांक: ९ सप्टेंबर १९८६